वारली नको, बटणं चालतील

लंडनला येऊन दुसरा हिवाळा लागला तेव्हा मी मातीकामाचा संध्याकाळचा क्लास लावला. कारण काही थोर नव्हतं. चार वाजता अंधार पडतो आणि घरी बसून डोकं फिरतं. तिसऱ्या महिन्यात सर म्हणाले, "आता तुझ्याकडचं काहीतरी कर." माझ्याकडचं म्हणजे काय, हे बाकीच्यांनी माझ्याआधीच ठरवून टाकलं होतं: आंबा, मोर, मांडणा. मीही मुकाट्याने एक ताटली केली आणि तिच्यावर वारली माणसं नाचवली. सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र ती ताटली पालथी घालून ठेवावीशी वाटत होती. वारली पाड्यावर मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. ती चित्रं मला ठाऊक आहेत ती चादरींवरून आणि कॅलेंडरांवरून.

त्याच सुमारास एका रविवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेले. मातीच्या वस्तूंची दालनं अगदी वरच्या मजल्यावर आहेत, गर्दी नसते. तिथे मातीची भांडी घडवणाऱ्या लूसी री हिच्या कामाच्या खोलीतला एक कोपरा जसाच्या तसा मांडलेला आहे. साधा, नीटनेटका, जरासा कडक शिस्तीचा. मी बराच वेळ तिथे उभी राहिले.

लूसीचा जन्म १९०२ साली व्हिएन्नामधल्या एका सुखवस्तू ज्यू घरातला. वडील कानाचे डॉक्टर, मामाकडे उत्खननातून आलेल्या रोमन वस्तूंचा संग्रह. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात पदक मिळवण्याइतकं तिचं नाव झालं होतं. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला आणि त्याच वर्षी ती लंडनला आली. इथे तिला कोण ओळखणार! हाइड पार्कजवळच्या अल्बियन म्यूज नावाच्या गल्लीत तिने जागा घेतली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. व्हिएन्नाहून तिने स्वतःसाठी खास बनवून घेतलेलं फर्निचर मात्र आणवलं होतं. ते तिच्या नव्या जागेत नीट बसवून दिलं एर्न्स्ट फ्रॉइड यांनी, म्हणजे सिग्मंड फ्रॉइड यांच्या मुलाने. निर्वासितांचं गाव तसं लहानच असतं.

आणि मग तिने काय केलं? बटणं केली. युद्धाच्या काळात फॅशनवाल्यांना बटणं हवी होती. कापडाचा तुकडा यायचा आणि त्याच रंगाचं बटण पाहिजे असायचं. पदक मिळवलेली बाई दिवसभर साच्यातून बटणं काढतेय, हे वाचताना आधी वाईट वाटतं. पण मातीत हात घातलेल्या कुणालाही पुढचं लक्षात येईल. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा तो काचेसारखा लेप, ओला असताना एका रंगाचा दिसतो आणि भट्टीतून भलत्याच रंगाचा निघतो. नेमका हवा तो रंग काढायचा तर शेकडो चाचण्या कराव्या लागतात. वाडग्यावर इतके प्रयोग करणं कुणाला परवडणार? बटणावर परवडतात. लूसीच्या पुढच्या वाडग्यांवरचे ते पिवळे, गुलाबी, खडबडीत पांढरे रंग बघताना मला त्यांच्या मागे बटणांचे ढीग दिसतात.

१९४६ मध्ये याच बटणांच्या कामासाठी हान्स कोपर हा तरुण तिच्याकडे आला. जर्मनीतून पळालेला, इथे आल्यावर 'शत्रुदेशाचा नागरिक' म्हणून पकडून कॅनडाला धाडलेला, आणि मातीतलं ओ की ठो न कळणारा. पुढे त्याने कोव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलसाठी उंचच उंच मेणबत्तीदाण्या केल्या.

सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. त्या काळी इथल्या मातीकामात बर्नार्ड लीच यांचा शब्द शेवटचा. त्यांना लूसीची भांडी फार पातळ वाटली. भांडं कसं जाड, भरीव, बैठकीला पक्कं हवं! तिने काही काळ तसं करूनही पाहिलं, ते बरं झालं नाही, आणि ती आपल्या पातळ कडांकडे परतली. गंमत अशी की ज्यांच्या मताला इथे एवढं वजन, ते लीच स्वतः हाँगकाँगमध्ये जन्मलेले आणि मातीकाम जपानमध्ये शिकलेले. पुढे दोघांची छान मैत्री झाली.

मला सगळ्यात आवडते ती एव्हबरी या इंग्लंडमधल्या गावातली गोष्ट. तिथल्या म्युझियममध्ये तिने हजारो वर्षांपूर्वीची, रेघा कोरलेली भांडी पाहिली. शेजारी पक्ष्यांची हाडं ठेवली होती. त्यांनीच त्या रेघा ओढलेल्या. घरी येऊन तिने सुई घेतली आणि मँगनीजच्या काळपट लेपावर ओरखडे काढले, खालची पांढरी माती दिसेपर्यंत. त्या बारीक रेघा नंतर तिची ओळख झाल्या.

तिच्या भांड्यांवर व्हिएन्ना कुठेच रंगवलेलं नाही. ना ऑपेराघर, ना पळापळ. व्हिएन्ना असेलच तर त्या कडेच्या बारीकपणात आहे. माझी वारली ताटली मला का खुपत होती ते तेव्हा कुठे कळलं. ती मी लोकांच्या डोळ्यांसाठी केली होती. माझ्या हाताला तिची काहीच सवय नव्हती.

हाताला सवय कशाची आहे? आमची आई टेलरकडची काज-बटणं घरी आणून करायची. बटणं रंगाप्रमाणे डब्यांत लावणं हे माझं काम. म्हणून म्युझियमच्या वेबसाइटवरचे लूसीच्या बटणांचे फोटो मी आधी तिलाच पाठवले. लगेच फोन आला.

"मातीची बटणं? भोकाची कड दोरा कापेल ना गं."

पुढच्या क्लासला मी बारा बटणं केली. भट्टीतून निघाली तेव्हा एकालाही भोक नव्हतं. माती भाजताना आकसते हे मला माहीत होतं, पण उरलेलं भोक लेपाने बुजतं हे डोक्यातच आलं नाही. सर हसले आणि म्हणाले, छान खडे झालेत. दुसऱ्या खेपेला गोधडीच्या सुईने भोकं मोठी केली, ओल्या बोटाने त्यांच्या कडा मऊ केल्या आणि लेप लावल्यावर प्रत्येक भोक पुन्हा टोचून मोकळं केलं. यातली सहा आईला पाठवली. तिने ती स्वतःच्या स्वेटरला लावली.

परवा तिने हिशेब दिला. चार टिकलीत. दोनांचा दोरा तुटला, आणि ती दोन परत पाठवतेय, "कड नीट घासून दे" म्हणून.