शेवटचा इंच: ६८ वरून ७२ इंची रिकर्व्हकडे

दोन महिने माझ्या रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर) एकच गोष्ट छळत होती. ड्रॉ (दोरी ओढणं) सुरळीत, अँकर (ओढणारा हात चेहऱ्याशी टेकतो ती जागा) पक्का, आणि क्लिकर (बाण पूर्ण ओढला की टिक वाजणारी पट्टी) वाजायच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या इंचात धनुष्य धरलेला खांदा वर चढायचा. मी तंत्राला दोष देत राहिलो, रबर बँडवर तासन्‌तास सराव केला. आता मापं घेऊन झाली आहेत आणि माझी खात्री पटली आहे की धनुष्यच मला आखूड पडत होतं.

आधी ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती लांब ओढतो ते माप, पक्की केली. हलकं, २० पौंडांचं धनुष्य घेतलं, खुणा केलेला लांब बाण लावला आणि तीन वेगवेगळ्या दिवशी सोबत्याकडून मोजून घेतलं. नॉकच्या (बाणाचं दोरीत अडकणारं मागचं टोक) खाचेपासून ग्रिपच्या (धनुष्याच्या मुठीच्या) सर्वांत खोल बिंदूपर्यंत २९.५ इंच, त्यात ठरलेले १.७५ मिळवले की ३१.२५. दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत ७८ इंच भरतात, २.५ ने भागले तर ३१.२. आकडे जुळले. उंच तिरंदाजांनी इथे घाई करू नये असं मला कळकळीनं सांगायचं आहे. कंबरेतून मागे कललं किंवा अँकर कानाकडे सरकला की अर्धा इंच खोटा वाढतो, आणि पुढचं सगळं सामान त्या खोट्या आकड्यावर बेतलं जातं.

मग बो स्केल, म्हणजे ओढीचं वजन मोजणारा काटा. जुना सेट म्हणजे २५ इंची रायझर (धनुष्याचा मधला ताठ भाग) आणि मीडियम लिम्ब्स (वर-खाली वाकणाऱ्या पात्या), एकूण ६८ इंच. लिम्बवर ३४ पौंड छापलेले, पण तो आकडा २८ इंचांवरचा. माझ्या काट्यावर २८ ला ३४, २९ ला ३६.२, ३० ला ३८.८ आणि ३१ ला ४२. एकूण वजन मला झेपतं. बघायची ती वाढ. पहिल्या इंचात २.२ पौंड, पुढच्यात २.६, शेवटच्यात ३.२. हेच स्टॅकिंग. लिम्बचं पुढचं वळण पूर्ण उलगडतं, दोरी आणि लिम्बचं टोक यांतला कोन ९० अंशांकडे जातो आणि तरफेचा फायदा कमी होत जातो. क्लिकर नेमका तिथेच बसलेला. पाठीनं मिलिमीटर-मिलिमीटर सरकायचं आणि वजन मात्र झपाट्यानं चढतंय, तर शरीर खांद्याची मदत घेणारच.

मधला टप्पा म्हणून त्याच रायझरवर लाँग लिम्ब्स लावून ७० इंची केलं. फरक लगेच जाणवला, पण ३१ च्या पुढे अजून किंचित अडत होतं. मग २७ इंची रायझर मिळाला आणि तेच लाँग लिम्ब्स त्यावर चढवले: ७२. छापील वजन २५ इंची रायझरसाठी असतं, २७ वर ते साधारण २ पौंडांनी उतरतं. माझी नोंद: २८ ला ३२, २९ ला ३४, ३० ला ३६.१, ३१ ला ३८.३. जवळजवळ सरळ रेष! पहिल्याच संध्याकाळी क्लिकर दर वेळी एकाच लयीत वाजला. तो आवाज ऐकताना झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

दोरीच्या कोनाचा परिणाम मी कमी लेखला होता. ६८ वर कोन इतका टोकदार व्हायचा की बोटं नॉकवर चिमटली जायची, आणि दोरी नाकाला लागावी म्हणून मी नकळत मान पुढे काढायचो. आता दोरी चेहऱ्यासमोर जास्त उभी राहते, मान जागेवर राहते. मधल्या बोटाचा घट्टाही मऊ पडू लागलाय.

ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर) २३ सेंमीपासून सुरू करून दोरीला पीळ देत २३.६ वर थांबलो, तिथे आवाज सर्वांत शांत.

बाण मात्र सगळे बदलावे लागले, आणि ते आधीच बदलायला हवे होते. जुने २९.५ इंची बाण पूर्ण ड्रॉला रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) अगदी काठावर यायचे. बाण रेस्टमागे घसरला आणि तशात सुटला तर हातात घुसू शकतो, त्यामुळे इतका आखूड बाण कुणीच वापरू नये. नवे शाफ्ट (बाणाचे दांडे) ३१ इंचांवर कापले. लांबी वाढली की बाण लवचीक वागतो. ६०० स्पाइनचे बेअरशाफ्ट (बिनपंखी बाण) सतत उजवीकडे पडले (मी उजव्या हातानं ओढतो), म्हणजे कमजोर. स्पाइनचा आकडा म्हणजे २८ इंचांच्या टेकूंमध्ये ८८० ग्रॅम टांगल्यावर शाफ्ट इंचाचा किती हजारावा भाग वाकतो ते, म्हणून लहान आकडा जास्त ताठ. ५०० चे थोडे डावीकडे गेले. टोक १०० ऐवजी १२० ग्रेनचं लावल्यावर १८ मीटरवर बेअरशाफ्ट पंखवाल्या गटाला चिकटला.

वजन जवळपास ४ पौंडांनी घटल्यामुळे ७० मीटरला साइट (नेम धरायची खूण) बरीच खाली आली आहे, पण पट्टीवर अजून जागा शिल्लक आहे. पुढच्या आठवड्यात लिम्ब बोल्ट (लिम्ब रायझरला धरणारे स्क्रू) वर-खाली सारखेच अर्धा फेरा आत घेऊन ३१ इंचांवर पुन्हा काटा लावीन. टिलर (वरच्या-खालच्या लिम्बचा तोल) आणि बटन (बाणाला बाजूनं टेकणारी स्प्रिंगची खुंटी) त्यानंतर.