घरटे सुटल्यानंतरचे आठवडे

पनामातील सखल वर्षावनात मी अँटश्राइक या पक्ष्याच्या पिल्लांचा माग काढत होतो. काटेकोर वर्गीकरणानुसार हा पक्षी गाणाऱ्या पक्ष्यांच्या चुलत शाखेतला. पण संगोपनाच्या बाबतीत उष्ण कटिबंधातील अनेक गायक पक्ष्यांशी त्याचे चांगलेच जुळते. त्या सकाळी समोर असलेले पिल्लू घरट्याबाहेर पडून दीड महिना उलटला होता. ओळखीसाठी पायात घातलेल्या रंगीत कड्या पाहिल्या नसत्या, तर ते प्रौढ मादीच वाटले असते. त्याने पानाच्या खालून एक किडा स्वतः टिपला आणि गिळलाही. एवढ्यात राखाडी नर चोचीत नाकतोडा धरून आला. त्याने तो फांदीवर दोनदा आपटून पाय मोडले, आणि हे वाढलेले पिल्लू पंख थरथरवीत त्याच्यापुढे असे वाकले की जणू कालच घरटे सोडले होते. नाकतोडा त्यालाच मिळाला.

उत्तर युरोपातील टिट या छोट्या पक्ष्यांवर काम केलेल्या मला हे दृश्य विलक्षण वाटले. तिथे एका घरट्यात आठ-नऊ अंडी सहज असतात आणि बाहेर पडलेल्या पिल्लांना दोन-तीन आठवडेच भरवले जाते. सुरवंटांचा हंगाम आटोपता असतो, हिवाळ्याआधी पिसेही बदलायची असतात, आणि पालकांनी दुसरे घरटे मांडले तर पहिल्या पिल्लांकडे पाहायला फारशी सवड उरत नाही. पनामात अंडी दोनच. सापांच्या भीतीमुळे पिल्लू दहा-एक दिवसांत, आखूड शेपटीनिशीच बाहेर पडते. मात्र विणीचा हंगाम कित्येक महिने चालतो, त्यामुळे बाहेर पडलेल्या पिल्लाला पुढे सहा ते बारा आठवडे सांभाळणे पालकांना परवडते.

उष्ण प्रदेशात अंडी कमी का, यावर पक्षीशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली आणि अलेक्झांडर स्कच यांनी १९४९ साली मांडणी केली, आणि पुढची चर्चा बराच काळ अंडी व घरट्याभोवतीच राहिली. माझ्या मते याचे कारण साधे आहे: घरटे जागचे हलत नाही, पिल्लू मात्र दाट झाडीत शिरते आणि त्याच्यामागे माणसाला दिवसचे दिवस फिरावे लागते.

आमच्या नोंदवहीत ‘स्वावलंबी’ असा एक रकाना होता. पिल्लाने पहिला किडा पकडला तो दिवस त्यात लिहिणे सोपे होते. त्या सकाळनंतर मी तिथे पालकांनी शेवटचा घास भरवल्याचा दिवस लिहू लागलो.