सायक्लोसेरीनचे दिवस

2022 साली थुंकीच्या सीबीनॅट तपासणीत टीबीवरचं मुख्य औषध, रिफॅम्पिसिन, मला लागू पडणार नाही असं निघालं आणि मी एमडीआरच्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या, कोर्सवर गेले. अठरा ते वीस महिने. बेडाक्विलीन, लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, क्लोफाझिमीन, सायक्लोसेरीन आणि जोडीला बी-6 जीवनसत्त्व. बेडाक्विलीनमुळे अधूनमधून ईसीजी काढायचा, बाकी गोळ्या घरीच घ्यायच्या.

खोकला लवकर थांबला, वजन वाढायला लागलं. सगळे म्हणाले, सुटलीस. नेमकी तेव्हाच मी बिघडत गेले. मेथीची जुडी पुढ्यात घेऊन बसायचे आणि अर्ध्या तासाने ती तशीच असायची. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. फक्त कशाचीच इच्छा नाही. क्लोफाझिमीनने रंग काळवंडला होता. व्हिडिओ कॉलवर आत्या म्हणाली, "काय गं, ओळखू येईनास," तेव्हापासून कॅमेरा बंद. घरात माझं ताट-पेला वेगळा. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही, हे आईला सेंटरवर समजावून सांगितलं होतं. तिने मान हलवली आणि पेला वेगळाच ठेवला. तिच्यावर चिडायचीही ताकद नव्हती.

मग लोकल येताना मी प्लॅटफॉर्मच्या कडेपासून लांब उभी राहायला लागले. का, ते मला चांगलं ठाऊक होतं.

दर खेपेला सेंटरवर वजन लिहायचे, उलट्या होतात का, पायांना मुंग्या येतात का विचारायचे. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे कुणी विचारलं नाही. गर्दी असते, मान्य आहे. पण सायक्लोसेरीनने नैराश्य येऊ शकतं, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, हे औषध हातात देताना सांगायला कितीसा वेळ लागतो?

शेवटी आमच्या आशाताईंनाच, म्हणजे आमच्या भागातल्या आशा सेविकेलाच, सांगितलं, तेही जिन्यात. त्यांनी "मनावर घेऊ नकोस" वगैरे काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः सेंटरवर आल्या आणि समुपदेशक मॅडमसमोर मला बसवलं. मॅडमनी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. मी खरं उत्तर दिलं आणि त्याच दिवशी मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवलं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी टीबीची फाइल मागितली, हे फार बरं झालं. नैराश्यावरच्या नेहमीच्या बऱ्याच गोळ्या लिनेझोलिडबरोबर घातक ठरू शकतात, म्हणून त्यांनी लगेच काही लिहून न देता टीबीच्या डॉक्टरांना फोन लावला. सायक्लोसेरीन बंद करून दुसरं औषध दिलं. मी आपल्या मनाने बंद केलं असतं तर सगळा कोर्सच धोक्यात आला असता. काही आठवड्यांत ते काळं विचारचक्र सैल झालं. उदासी मात्र पूर्ण गेली नाही, कारण ती सगळी गोळीची नव्हतीच. नोकरी गेली होती, ठरत आलेलं लग्न फिसकटलं होतं. त्यासाठी समुपदेशन कोर्स संपेपर्यंत चालू ठेवलं. रात्री-अपरात्री घालमेल झाली की टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता यायचं.

आता एमडीआरच्या अनेक रुग्णांना बीपाल-एम नावाचा चार औषधांचा, सहा महिन्यांचा कोर्स मिळतो. त्यात सायक्लोसेरीन नाही, पण लिनेझोलिड आहे. तेव्हा मनाच्या डॉक्टरांकडे जाताना टीबीची फाइल पिशवीत टाकाच.