ऑलिव्ह चालतात का, आणि लोणचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि उभ्या उभ्या त्याचं धड उत्तर देता येत नाही. कच्चा आहार सुरू केला की काकडी-गाजराचा कंटाळा नंतर येतो, आधी जीभ काहीतरी खारट-आंबट मागायला लागते. मग विचारणा होते : "ताई, पिझ्झावरचे ऑलिव्ह चालतील ना? ते कुठे शिजवलेले असतात! आणि लोणचं तर आपण चुलीवर ठेवतच नाही."

दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत.

कच्चा आहार पाळणारे साधारणपणे ४२ ते ४८ अंश सेल्सिअस ही सीमा मानतात. त्यापेक्षा जास्त तापलं की ते शिजलेलं. यामागे 'अन्नातली एन्झाइम्स पोटात जाऊन पचनाला मदत करतात' असं कारण नेहमी दिलं जातं. मला ते पटत नाही, जठरातल्या आम्लात बहुतेक एन्झाइम्स मोडून जातात. पण लोणच्यांच्या आणि खारातल्या पदार्थांच्या बाबतीत आच लागली की नाही, हे मी आवर्जून बघते, आणि त्याचं कारण वेगळं आहे. मिठाच्या पाण्यात आंबलेल्या पदार्थात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू जिवंत असतात. बरणी पाश्चराइज केली की ते मरतात. आंबटपणा उरतो, जीव जातो. म्हणून अशा पदार्थाबद्दल मी विचारते ते इतकंच : शेवटी, बरणी बंद करताना, तो तापवला का?

आता ऑलिव्ह. झाडावरून तोडलेलं ऑलिव्हचं फळ तोंडात धरवत नाही. त्यात ऑल्युरोपीन नावाचं द्रव्य असतं, ते जहाल कडू. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ऑलिव्हवर काही ना काही संस्कार झालेलाच असतो, आणि कडूपणा कसा काढला यावर पुढचं सगळं ठरतं.

स्पेनमध्ये हिरवी फळं कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात काही तास ठेवतात. सोडा गरापर्यंत उतरला की फळं धुतात आणि मग मिठाच्या पाण्यात आंबवतात. सोडा ऐकून पुष्कळजण दचकतात. फळं नीट धुतलेली असतात, त्यामुळे ती विषारी वगैरे नसतात. मात्र सोड्याबरोबर आणि धुण्याबरोबर फळाचा बराचसा मूळ स्वभाव वाहून जातो, म्हणून ते माझ्या पहिल्या पसंतीचे नाहीत. सिसिलीचे ते सुंदर पोपटी, गोडसर कास्तेलव्हेत्रानो ऑलिव्हसुद्धा सोड्याच्याच वाटेने येतात.

पिझ्झावरच्या काळ्या चकत्यांची गोष्ट आणखी पुढची. ते फळ झाडावर पिकून काळं झालेलं नसतं. कच्चीच फळं सोड्यात ठेवून, पाण्यात हवा खेळवून काळी करतात. ही कॅलिफोर्नियाची पद्धत. तो रंग टिकावा म्हणून फेरस ग्लुकोनेट घालतात. हे ऑलिव्ह आंबवलेले नसतात, त्यांत आम्ल फारसं नसतं, म्हणून डबा सुरक्षित ठेवायला तो दाबाखाली १२० अंशांच्या आसपास तापवावाच लागतो. कच्च्या आहारात यांना जागा नाही. डब्यावर आयएनएस (अन्नात घातलेल्या द्रव्यांचा क्रमांक) ५७९ किंवा ५८५ हा आकडा दिसला की समजायचं, हे तेच.

ग्रीसची जुनी पद्धत मला मनापासून आवडते. पिकलेली काळी-जांभळी फळं सरळ ८ ते १० टक्के मिठाच्या पाण्यात टाकायची आणि महिनोन् महिने वाट बघायची. पाण्यात कडूपणा हळूहळू उतरतो, जीवाणू आणि यीस्ट आपलं काम करतात, कुठेही सोडा नाही, कुठेही आच नाही. कलामाता ऑलिव्हना चीर देऊन आधी पाण्यात किंवा खारात ठेवतात आणि शेवटी वाइनचं व्हिनेगर घालतात. थासोस बेटावरचे थ्रूम्बा तर पाण्यातही ठेवत नाहीत. पूर्ण पिकलेलं फळ नुसत्या कोरड्या मिठात मुरवतात, ते सुरकुततं आणि चव एकवटते. मोरोक्कोतही असे सुरकुतलेले काळे ऑलिव्ह करतात. पेरू देशातले बोतिहा जातीचे, मंद उष्णतेवर सुकवलेले ऑलिव्ह परदेशात 'रॉ' म्हणूनच विकले जातात. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या वाचकांनी हे शोधावेत.

अडचण अशी, की पद्धत कितीही चांगली असली तरी काचेच्या बरणीत भरताना पुष्कळ कंपन्या माल पाश्चराइज करतात, आणि ते प्रत्येक लेबलवर लिहिलेलं नसतं. आपल्याकडे मॉलमध्ये साध्या फळीवर उभी असलेली बरणी मी पाश्चराइज केलेली आहे असंच धरून चालते. कंपनीला ईमेल करून विचारता येतं. "भरल्यावर तापवता का, आणि किती अंशांना?" एवढाच प्रश्न विचारायचा. फ्रिजमध्ये ठेवलेला, सुटा, पिंपातून काढून देतात तो माल जिवंत असण्याची शक्यता जास्त. लाल मिरची भरलेले हिरवे ऑलिव्ह टाळा. आतली ती लाल पट्टी बहुतेक वेळा मिरचीचा लगदा घट्ट करून कापलेली असते.

व्हिनेगरमधल्या छोट्या काकड्यांचं, घेरकिन्सचं, उत्तर चटकन देता येतं. फळीवरची बरणी नको. तिथला आंबटपणा व्हिनेगरचा आहे, आंबण्याचा नाही, आणि वर ती तापवलेली असते. लेबलवर 'सिंथेटिक व्हिनेगर' असेल तर ते ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं असतं.

आता आपल्या लोणच्याकडे येते, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. कैरीच्या फोडी कच्च्या, हे खरं. पण मसाला बघा. मेथी आणि हिंग तेलात तळलेलं, वरून कडकडीत तापवून गार केलेली फोडणी. त्याहून लक्षात न येणारी गोष्ट हळदीची. शेतातून काढलेले हळदीचे कंद वाळवण्याआधी शिजवतात, मग वाळवून पॉलिश करतात आणि दळतात. सांगलीच्या बाजारात येणारी हळद या वाटेनेच येते. म्हणजे डब्यातली हळद पूड कच्ची नाही. साखर आणि गूळ तर उसाचा रस आटवूनच होतात, त्यामुळे उपासाचं लिंबाचं गोड लोणचं आणि उन्हातला छुंदा, दोन्ही चुलीवर न चढताही काटेकोर व्याख्येत बसत नाहीत. शिवाय मे महिन्यातल्या कडक उन्हात झाकण लावलेली काचेची बरणी आतून किती तापते, ते एकदा थर्मामीटर घालून बघा. मी अशा बरण्या उन्हाऐवजी उबदार सावलीत ठेवते. मुरायला वेळ जास्त लागतो, एवढंच.

पण आपल्याच स्वयंपाकघरात एक युक्ती आहे, जी आच न लावल्यामुळेच काम करते, ती म्हणजे मोहरी फेसणे. फोडणीत तडतडलेली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. तीच मोहरी कच्ची वाटून, थोडं पाणी घालून फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. दाणा फुटून पाणी मिळालं की मायरोसिनेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि तो झणका तयार करतं. दाणा आधी तापवला तर एन्झाइम मरतं, मग कितीही फेसा, झणका येत नाही. हा झणका नुसता चवीपुरता नाही, तो जंतूंनाही आवरतो. म्हणून माझं रोजचं लोणचं असं असतं : ओली हळद, आंबेहळद आणि आल्याच्या बारीक चकत्या, हिरवी मिरची, फेसलेली मोहरी, खडे मीठ आणि सगळं बुडेल इतका लिंबाचा रस. तेल नाही, फोडणी नाही. फ्रिजमध्ये ठेवते. थंडीत बाजारात ओली हळद आली की हे करायलाच हवं.

आणि ऑलिव्हची जागा? मी ती खारातल्या कैऱ्यांना आणि करवंदांना दिली आहे. कोकणात आणि गोव्यात बाठ न धरलेल्या कोवळ्या, अख्ख्या कैऱ्या मिठात घालून वर वजन ठेवायची रीत जुनीच आहे. गोव्यात त्यांना चेपणी म्हणतात. मिठाने कैरीचं पाणी सुटतं आणि ती स्वतःच्याच खारात मुरते. कच्च्या करवंदांना मी एक एक चीर देते, चीक जायला मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवते, मग ८ टक्क्यांचा खार करते, म्हणजे लिटरभर पाण्याला साधारण ८० ग्रॅम मीठ. चिनी मातीची बरणी, वर काचेची जड वाटी, तोंडाला दादरा. पहिल्या आठवड्यात बुडबुडे येतात, नंतर ते शांत होतं. महिन्याभराने करवंद खारट, आंबट, किंचित तुरट होतं आणि दाताखाली बरोबर तसंच येतं, जसं ऑलिव्हकडून आपल्याला हवं असतं. स्निग्धता तेवढी नसते. ती हवी असेल तर ओल्या खोबऱ्याचा तुकडा बरोबर घ्या. वर पातळ, सपाट, पांढरी साय धरली तर ती यीस्टची असते, चमच्याने काढून टाकावी. केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर बरणी रिकामी करायची, तिथे जीव अडकवू नये.

केरळातल्या वाचकांनी विचारलं होतं त्या कारक्क्याबद्दल, म्हणजे तिथल्या एका हिरव्या आंबट फळाबद्दल : हो, चालतो. बंगाल-आसामात त्यालाच जलपाई म्हणतात आणि इंग्रजीत 'सिलोन ऑलिव्ह' म्हणतात, पण तो ऑलिव्हच्या कुळातला नाही. तिथे तो मिठाच्या पाण्यात घालतात. न उकळता घातलेला असेल तर कच्च्या आहारात अगदी योग्य.

मिठाचं मात्र भान ठेवा. १०० ग्रॅम हिरव्या ऑलिव्हमध्ये साधारण दीड ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. घरच्या खारातली करवंदंही याबाबतीत मागे नाहीत. मी खायच्या आधी ती तासभर साध्या पाण्यात ठेवते आणि त्या दिवशी सॅलडवर वेगळं मीठ घालत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग बरणी उघडा.