थडगी खोदणाऱ्यांच्या गावात

कैरोला आमच्याकडे येणारा पाहुणा लक्सरला निघाला की मी त्याला बजावते, देर अल-मदिना चुकवू नका. सहलीच्या बसगाड्या राजांच्या दरीतून थेट पुढच्या देवळाकडे जातात आणि हे गाव बाजूला राहतं. मला विचाराल तर प्राचीन इजिप्तची माणसं खऱ्या अर्थानं इथेच भेटतात.

नाईलच्या पश्चिम तीरावर, उघड्या डोंगरांच्या बेचक्यात, फॅरोंची, म्हणजे इजिप्तच्या राजांची, थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे पिढ्यान् पिढ्या राहिले, चारशेहून अधिक वर्षं. भिंतीला भिंत लागलेली अरुंद घरं. मागचं स्वयंपाकघर आजही ओळखू येतं. गावात पाणी नव्हतं, ते गाढवांवरून यायचं. गावाबाहेर पन्नासेक मीटर खोल खड्डा खणला, त्यालाही पाणी लागलं नाही. मग लोक त्यात कचरा टाकू लागले. त्याच कचऱ्यात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांना लिहिलेली हजारो खापरं आणि दगडाच्या कपच्या सापडल्या.

कारण या गावात लिहिता येणारे बरेच होते, आणि ते सगळं लिहून ठेवत. फॅरो रामसेस दुसऱ्याच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षाचा कामगारांचा हजेरीपट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तारखा काळ्या शाईत, गैरहजेरीची कारणं लाल शाईत: विंचू चावला, डोळे आलेत, भावाचं प्रेत मसाला भरून जपायचं आहे, बिअर बनवायची आहे!

मजुरी धान्यात मिळे, भाकरीसाठी गहू आणि बिअरसाठी जव. रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, इसवी सनपूर्व ११५८ च्या सुमारास, ते धान्य वेळेवर येईना. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि देवळामागे जाऊन ठाण मांडलं. आम्ही भुकेनं आलो आहोत, अंगावर कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फॅरोला कळवा, असं त्यांनी ठणकावलं. जगाच्या इतिहासातला हा पहिला नोंदलेला संप. थकलेलं धान्य त्यांनी मिळवलंच. या संपाची हकीकत लिहिलेला कागद इटलीत तुरीनला आहे.

सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगंही पाहाच. जिना अरुंद, खोली लहान, पण रंग असे की काल दिलेत. आयुष्यभर खडक फोडणाऱ्या या माणसानं परलोकात स्वतःसाठी शेत मागितलं: पांढऱ्या वस्त्रांत तो नांगर धरतो, बायको मागून बी पेरते.

माझा जीव मात्र नौनख्ते या बाईत अडकलाय. तिला आठ मुलं. म्हातारपणी ज्यांनी तिला विचारलं नाही, त्यांना आपल्या मालमत्तेतला वाटा मिळणार नाही, असं तिनं गावच्या पंचायतीसमोर उभं राहून सांगितलं आणि लिहूनही घेतलं. तीन हजार वर्षांपूर्वी बाईची मालमत्ता तिच्या नावावर होती आणि ती कुणाला द्यायची हे तीच ठरवत होती! पुढे तिचा नवरा आणि मुलं पंचायतीपुढे पुन्हा हजर झाली आणि तिनं लिहिलंय तसंच होईल, असं त्यांनी कबूल केलं.