आमची वाटचाल : न तापणाऱ्या इंजिनांनी लावलेलं वळण

गरम होणाऱ्या ट्रकचा मालक रात्री-अपरात्री फोन करतो. गार चालणाऱ्या ट्रकचा मालक मात्र खूश असतो. तापमानाचा काटा खाली आहे म्हणजे मिस्त्रीने काम झकास केलंय, अशी त्याची समजूत. आमचं वर्कशॉप आज जे काही आहे, त्यात या समजुतीशी घातलेल्या हुज्जतीचा वाटा मोठा आहे.

सुरुवात बोअरिंग आणि होनिंगपासून, म्हणजे सिलिंडरचं भोक कापून-घासून मापात आणण्यापासून झाली. मेहुणा मशीनवर, मी मापं घ्यायला आणि ब्लॉक उचलायला एक पोरगा. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी ब्लॉक आणून टाकायचा, आम्ही बोअर मारून किंवा लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) बसवून परत द्यायचा. इंजिन पुढे कसं चाललं हे आमच्या कानावर यायचंच नाही, आलं तर तक्रार म्हणून. मग हेडचं काम घेतलं, नोझल तपासायचं यंत्र घेतलं आणि हळूहळू पूर्ण इंजिन बांधून द्यायला लागलो. त्या काळी डिलिव्हरीची पद्धत सगळीकडे होती तीच आमचीही : चालू करा, ऑइलचं प्रेशर बघा, गळती बघा, आवाज ऐका, चावी द्या.

या पद्धतीत एक गोष्ट सुटते. डिझेल इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू ठेवल्यावर, फार थोडं डिझेल जाळतं, त्यामुळे उष्णताही थोडीच तयार होते. उभ्या गाडीत काटा वर आला नाही तर कुणाला नवल वाटत नाही. खरं चित्र माल भरून चढाला लावल्यावर दिसतं, आणि तोवर गाडी आपल्या फाटकाबाहेर गेलेली असते.

एक सहा सिलिंडरचा ट्रक आमच्याकडे आला तो दुसरीकडे इंजिन बांधून घेतलेला होता. मालकाची तक्रार अ‍ॅव्हरेजची. ड्रायव्हरची तक्रार वेगळी : सकाळी पांढरा धूर, तोही डोळ्याला झोंबणारा, आणि केबिनचा हीटर नावालाच. "काटा पावच्या वर जात नाही," हे तो जाता जाता बोलला. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं, आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच : इंजिन खरंच गार आहे की काटा खोटं बोलतोय? बहुतेक ट्रकमध्ये इंजिनाचं तापमान काट्याला कळवणाऱ्या सेंडरचा रेझिस्टन्स गार असताना जास्त असतो आणि तापमान वाढेल तसा कमी होतो. म्हणजे सर्किटमध्ये कुठेही जादा रेझिस्टन्स आला, की काटा इंजिनला आहे त्यापेक्षा गार दाखवतो. नव्याने बांधलेल्या इंजिनात हे हमखास घडतं. ब्लॉकला रंग मारलेला असतो, अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळलेली असते, सेंडरच्या आट्यांना टेप गुंडाळलेली असते. आम्ही सेंडरच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हला एक सुटी वायर जोडली. काटा लगेच वर सरकला, पण मध्यापर्यंत काही गेला नाही. अर्थिंग खराब होतं हे नक्की, पण सगळा दोष त्याचा नव्हता.

मग थर्मल गन, लांबून तापमान मोजणारी. तिचा एक दोष नवीन पोरांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो : चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती तापमान कमी दाखवते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप; त्याच्या हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर नेम धरायचा. शिवाय हेडला रिकामा प्लग होता, तिथे साधा मेकॅनिकल गेज बसवला. दोन्हींचं एकमत झालं : गाडी चांगली चालवून आणल्यावरही कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, साठ अंशांच्या घरात. ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटच्या इंजिनाला हे फारच कमी.

सगळ्यांनी आधी पंख्याकडे बोट दाखवलं. पंख्याचा वेग गरजेप्रमाणे ठेवणारा व्हिस्कस क्लच जाम होऊन पंखा सतत पूर्ण वेगाने फिरतो, हे खरंच होतं, आणि त्यात ताकद आणि डिझेल वाया जातं. पण थर्मोस्टॅट नीट बंद राहत असेल तर पंख्याने रेडिएटर कितीही गार केला, तरी ते गार पाणी इंजिनात शिरत नाही. त्यामुळे पंखा बाजूला ठेवला आणि गाडी रात्रभर थंड होऊ दिली.

सकाळी चालू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होसवर हात ठेवला. या तपासणीला एक पैशाचं यंत्र लागत नाही. थर्मोस्टॅट धड असेल तर इंजिन तापत असताना हा पाइप बराच वेळ गार राहतो, आणि त्याचा वॉल, म्हणजे झडप, उघडला की थोड्याच वेळात हात ठेववत नाही. इथे तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे पाणी रेडिएटरकडे पळत होतं.

थर्मोस्टॅट काढला. नवाकोरा, ८२ चा शिक्का, पूर्ण मिटलेला. भांड्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याला टांगला, तळाला टेकू न देता, शेजारी थर्मामीटर. ८२ च्या आसपास उघडायला लागला, ९५ च्या आगेमागे पूर्ण उघडला, पाणी निवल्यावर पुन्हा घट्ट मिटला. मालक बघत होता. म्हणाला, "हा तर चांगला आहे, मग आता?"

खरी गोष्ट हाउसिंगमध्ये होती. या जातीच्या इंजिनात थर्मोस्टॅटच्या बाहेरच्या गोल अंगावर ओठ असलेला रबरी सील बसतो. वॉल बंद असताना पाण्याने बाजूने वाट काढू नये म्हणून तो असतो. इथे सील जुनाच ठेवलेला होता, लाकडासारखा कडक, एका बाजूला ओठ तुटलेला. टॉर्च मारल्यावर हाउसिंगच्या आत त्याच बाजूला पाणी वाहून घासला गेलेला चकचकीत पट्टा दिसला. वॉल आपलं काम चोख करत होता आणि पाणी त्याच्या बगलेतून जात होतं. नवा सील त्याच्या ठोकणीने सरळ बसवला, ओठाची दिशा बघून, आणि अर्थिंगची जागा घासून उघडी केली. माल भरून गाडी पाठवली तर काटा मध्यावर येऊन स्थिरावला.

पण ऑइलमध्ये उतरलेल्या डिझेलचं काय? गार सिलिंडरमध्ये इंधन पूर्ण जळत नाही, लायनरच्या भिंतीवरून ऑइलचा थर धुऊन खाली उतरतं. ऑइल पातळ होतं आणि नव्या बेअरिंगांना तेच मिळतं. रिंगांचंही तेच. नव्या रिंगा लायनरवर बसायला दाब आणि लोड लागतो. गार आणि रिकाम्या चालणाऱ्या इंजिनात लायनरला काचेसारखी चकाकी येते आणि मग ऑइल खाणं सुरू. शिवाय ज्वलनातली वाफ थंड भिंतीवर दव धरते, इंधनातल्या गंधकाशी मिळून आम्ल होतं आणि बोअर झिजतो. त्या ट्रकचं ऑइल आणि फिल्टर लगेच बदलले, जुन्या ऑइलचा नमुना लॅबला पाठवला. व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते) दोन्ही उतरलेले आले. तो कागद मालकाच्या हातात दिला तेव्हा त्याला पटलं. माझ्या तोंडी सांगण्याने पटलं नव्हतं.

त्या कागदाने आमचा धंदा बदलला असं म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून प्रत्येक इंजिनासोबत एक तक्ता जातो : थर्मोस्टॅट कितीला उघडला, किती मिलिमीटर उचलला, सील नवा की नाही, लोडवर कूलंट कितीवर स्थिर झालं. पुढे वॉटर ब्रेक डायनो, म्हणजे पाण्याच्या रेट्याने इंजिनावर लोड देऊन तपासायचं यंत्र घेतलं, कर्ज काढून. मेहुणा अजूनही म्हणतो की त्या पैशात दुसरं बोअरिंग मशीन आलं असतं. हिशेबाने तो बरोबर आहे.

काही गिऱ्हाइकं तुटली. थर्मोस्टॅट काढून टाका म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणायला लागलो. बायपासच्या, म्हणजे गार असताना पाणी रेडिएटर टाळून आतच फिरवणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅटची खालची चकती गरम झाल्यावर बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की ते भोक कायम उघडं, आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरत राहतं. मग गाडी उतारावर गार आणि चढावर गरम. हे एकदा कागदावर काढून दाखवलं की निम्मे लोक ऐकतात. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावणाऱ्यांचं दुखणं वेगळं : टर्बोच्या गाडीत त्याच पुठ्ठ्याने टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलरही झाकला जातो.

सीलनंतर सर्वात जास्त सापडलेला दोष म्हणजे हवा काढायची बारीक नळी. ती इंजिनाच्या वरच्या भागातून कूलंटच्या टाकीकडे जाते आणि तिच्यात मुद्दाम अरुंद भोकाचा तुकडा असतो. बांधताना कुणीतरी नळी बदलतो, जाडी घालतो, तो तुकडा जुन्या नळीबरोबर भंगारात जातो, आणि थर्मोस्टॅटला वळसा घालून पाण्याला मोकळा रस्ता मिळतो. दोन थर्मोस्टॅटच्या इंजिनात एकच उघडा अडकलेला असला तरी असंच होतं. म्हणून दोन्ही एकदम बदलायचे.

आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांनी आमची बाजू सोपी केली. कूलंट वेळेत तापलं नाही तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच दोषाचा कोड टाकतो, आणि बऱ्याच गाड्यांत कूलंट पुरेसं तापेपर्यंत धुराचा फिल्टर जाळून साफ करायची प्रक्रियाही सुरू होत नाही. दिवा लागला की मालक स्वतःहून येतो. तरी ईसीयूचा सेन्सर आणि डॅशबोर्डचा सेंडर काही गाड्यांत वेगवेगळे असतात, म्हणून स्कॅनरचा आकडा आणि काटा दोन्ही शेजारी ठेवून बघायची सवय आम्ही सोडलेली नाही.

डायनोवर एक गोष्ट तपासता येत नाही : समोरून येणारा वारा आणि गाडीचा स्वतःचा रेडिएटर. म्हणून शेवटची चाचणी रस्त्यावर, भरलेल्या गाडीवरच घेतो. त्यासाठी माल भरून आणा म्हटलं की मालक कुरकुरतात, भाडं अडकतं म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मग आम्ही त्यांच्या भाड्याच्या दिवसाची तारीख धरतो आणि आमचा माणूस गेज घेऊन केबिनमध्ये बसतो.