पॉवर सूट आणि बाबांचा गॉगल
शनिवार, रात्री पावणेबारा

आज मनी गेली. मनी म्हणजे माझ्या गेममधली सैनिक, भाची मे महिन्याच्या सुट्टीत कळव्याला आली होती तेव्हा तिने हे नाव ठेवलं होतं. 1994चा जुना एक्स-कॉम, परग्रहवाल्यांशी लढायचा कॉम्प्युटर गेम, मी अजून खेळतो, ओपनएक्सकॉम नावाच्या नव्या सॉफ्टवेअरमुळे आताच्या लॅपटॉपवर पण मस्त चालतो. आणि ती लढाईत नाही गेली, ट्रेनिंगमध्ये गेली, ते जास्त लागलं.

ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, या गेममध्ये नवीन पोरं कामातूनच शिकतात. शत्रूच्या टर्नमध्ये, म्हणजे त्याच्या पाळीत, तो समोर दिसला आणि आपल्या माणसाने पटकन गोळी झाडली की त्या माणसाचा पटकन उत्तर द्यायचा गुण, म्हणजे रिअ‍ॅक्शन वाढतो, म्हणून आम्ही काय करतो, शेवटचा एक सेक्टॉइड, म्हणजे एक प्रकारचा परग्रहवाला, मुद्दाम जिवंत ठेवतो, त्याच्याकडे फक्त प्लाझ्मा पिस्तूल असेल असं बघतो आणि आपली पोरं त्याच्यासमोर उभी करतो. म्हणजे शिकायचं तर गोळी खायची तयारी ठेवूनच उभं राहायचं.

माझी चूक हिशोबात झाली. प्लाझ्मा पिस्तुलाची ताकद 52 आणि पर्सनल आर्मर, म्हणजे साधं चिलखत, समोरून 50, म्हटलं दोनच पॉइंटचा फरक आहे, चालून जाईल. पण या गेममध्ये मार शून्यापासून दुपटीपर्यंत कितीही बसतो, म्हणजे 52चं पिस्तूल नशीब फिरलं तर 104 मारतं! त्यातले 50 आर्मरने अडवले तरी 54 अंगावर येतात आणि नव्या पोरांची हेल्थ असते 25 ते 40. मनीची 31 होती. पाठीमागून तर पर्सनल आर्मर 30च आहे, आणि मी तिला दाराकडे पाठ करून उभी केली होती कारण मला वाटलं सेक्टॉइड डावीकडून येईल. तो दारातून आला.

पॉवर सूट, त्याच्या वरचं भारी चिलखत, समोरून 100 आहे. तेच पिस्तूल, तीच जागा, आणि समोरून लागली असती तर जास्तीत जास्त चार पॉइंट गेले असते. पण पॉवर सूटला एलेरियम नावाचं परग्रहवाल्यांचं इंधन लागतं, ते बनवता येत नाही, पाडलेल्या किंवा उतरलेल्या यूएफओमधून मिळवावं लागतं, म्हणून मी ते मोठ्या लढाईसाठी राखून ठेवलं होतं. स्टोअरमध्ये पडून होतं सगळं.

सेव्ह होता, तो लोड करून मागे जाता आलं असतं, पण लोड केला नाही. बाहेर गॅलरीत येऊन उभा राहिलो, पाऊस चालू होता, बाबा जागेच होते, त्यांना सांगितलं काय झालं ते. त्यांना गेममधलं काही कळत नाही पण "स्टोअरमध्ये होतं" हे त्यांनी बरोबर पकडलं. रबाळ्याला एका कंपनीत आयटीआय करून शिकाऊ म्हणून लागले होते ते, ग्राइंडरवर. गॉगल होते, पण कपाटात कुलूप लावून, इन्स्पेक्शनच्या दिवशी निघायचे. पर्मनंट लोकांना मिळायचे, शिकाऊंना सांगायचे आधी हात बसू दे मग बघू. अरे पण हात बसलेला नसतो तेव्हाच तर ठिणगी डोळ्यात जाते ना! बाबांच्या उजव्या डोळ्यात बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग आहे, लहानपणी मी विचारायचो तर म्हणायचे लोखंडाचा कण गेला होता, बस, एवढंच. आज पहिल्यांदा सांगितलं की ते कामावर लागून अकरावा दिवस होता.

मी पण तेच करत होतो की. जुन्या कर्नलला पॉवर सूट, आणि ज्याला अजून नीट नेम धरता येत नाही त्याला "आधी शीक, मग देतो". कर्नल एकवेळ आडोशाला उभा राहून वाचेल, त्याला जमतं ते, नवीन पोराला कुठे उभं राहायचं हेच माहीत नसतं. उलट वाटप करत होतो मी इतकी वर्षं.

आत येऊन सगळं एलेरियम काढलं, सहा पॉवर सूटची ऑर्डर टाकली, इंजिनिअर बाकीच्या कामावरून काढून त्यावर लावले. तोपर्यंत ट्रेनिंग बंद, एकही रूकी, म्हणजे नवीन पोर, बेसबाहेर जाणार नाही. मध्ये एक यूएफओ दिसला तर कर्नललाच पर्सनल आर्मर घालून पाठवला, आला परत व्यवस्थित.

बाबा झोपायला जाताना दारात थांबले, विचारलं, "मिळाले का रे पोरांना गॉगल?"

म्हटलं दोन झालेत, चार बाकी आहेत.